अल्कमेनेचा धाकटा

वामवालीने टोपलीतून दोन जाडजूड वाम उपसून फळीवर टाकल्या, कमरेच्या फडक्याला हात पुसले आणि म्हणाली, "घ्या, धाकटे. आज घासाघीस करायची नाही. लग्नघर आहे तुमचं."

इफिक्लीस हसला. मिर्तिसला थट्टेची खोड होती. "आता कुणाचं लग्न काढलंस?"

मिर्तिसचा हात थांबला. तिने त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं, मग शेजारच्या कांदेवालीकडे पाहिलं आणि एकदम आवाज खाली आणला. "अगंबाई! म्हणजे घरात सांगितलं नाही होय तुम्हाला? मग राहू दे. मी काही बोललेच नाही."

"मिर्तिस."

"अहो, आमच्या ओकालेआत बकऱ्यांनासुद्धा माहीत झालंय. तो क्रीटचा म्हातारा नाही का, चिनाराखाली बसून लोकांची भांडणं मिटवतो? रादामान्थिस. त्याच्याशी ठरलंय तुमच्या आईचं. द्राक्षं उतरली की लग्न." मग त्याचा चेहरा बघून तिने घाईघाईने जोडलं, "माणूस चांगला आहे हो. माझा नि माझ्या दिराचा जाळ्यांवरून तंटा होता, तो त्यानंच मिटवला. दोघंही रडत घरी गेलो, पण मिटला."

वाम पानात बांधून घेऊन तो एलेक्ट्रा वेशीकडून घराच्या चढाला लागला तेव्हा त्याच्या मनात पहिला विचार आला तो हिवाळ्याच्या लोकरीचा. यंदा लोकर कोण पिंजणार? आणि लगेच त्याला स्वतःची लाज वाटली. आई लग्न करते आहे आणि आपल्याला लोकर आठवते. पण लाजेच्या खाली आणखी काहीतरी होतं, आणि त्याला हात लावायला मन धजत नव्हतं. पुडक्यात वाम अजून वळवळत होत्या, त्यांचं ते थंड, हट्टी हलणं काखेत जाणवत होतं. लोक नेहमीसारखे हाका मारत होते. काय धाकटे, कसे आहात धाकटे. साऱ्या थीब्जमध्ये त्याला कुणी नावाने हाक मारत नसे. धाकटा तो एका रात्रीने. जुळ्यांतला दुसरा. शेंबडं पोरही सांगेल अशी ती गोष्ट होती: अँफिट्रिऑन लढाईवर असताना झ्यूस देव त्याचं रूप घेऊन अल्कमेनेकडे आला, दुसऱ्या दिवशी खरा अँफिट्रिऑन आला, आणि पोटात दोन मुलं राहिली, एक देवाचा, एक माणसाचा. माणसाचा तो इफिक्लीस. देवाच्या मुलाला जग हेराक्लीस म्हणू लागलं, पण ते नाव फार पुढचं. घरात तो अल्कैओस, आजोबांच्या नावाचा. बापाने लुटीत आणलेल्या काशाच्या ढालीत दोघांना एकत्र निजवत, आणि तिथे साप आले तेव्हा एकाने मुठी आवळून सापांचे गळे दाबले आणि दुसरा रडला, हेही सगळ्या गावाला पाठ होतं. चाळिशी उलटून गेली तरी कुणी नवा पाहुणा आला की त्याच्या कानाशी कुजबुज व्हायची, हाच तो, रडला तो. इफिक्लीसला त्याचं फारसं काही वाटेनासं झालं होतं. साप बघून रडलो नसतो तरच नवल, असं तो म्हणायचा आणि लोक हसायचे. पण बाप, अँफिट्रिऑन, रथाचे लगाम त्याच्या हातात देताना डोक्यावर हात ठेवून म्हणायचा, "हा माझा." त्या दोन शब्दांची ऊब आणि त्या शब्दांतला कमीपणा ही दोन्ही त्याच्या टाळूवर एकाच जागी बसली होती. बाप मिनियन लोकांशी लढताना कोपाइस तळ्याच्या काठी पडला तेव्हा ती जागा पहिल्यांदा गार पडली.

घरी आई माग लावून बसली होती. अल्कमेने उंच बाई. बसली तरी उंच वाटायची, आणि केस पिकल्यावर तर जास्तच. तिने मान न वळवता विचारलं, "वाम आणल्यास? मिर्तिसकडच्या?"

"हो."

"जाड आहेत?"

"जाड आहेत."

आणि ती पुन्हा धोटा फेकू लागली. तो उंबऱ्यात उभा राहिला. तिने सांगावं असं वाटत होतं, आणि सांगू नये असंही. दोरे खालीवर होत होते. त्याला दिसलं की ती विणत होती ते कापड तांबड्या काठाचं होतं, नवरीचं. कितीतरी दिवसांपासून ते मागावर होतं आणि त्याने ते रोज पाहिलं होतं.

तीनचार दिवस घरात कुणी काही बोललं नाही. त्या घराला न बोलण्याची सवय होती. इफिक्लीसची बायको ऑटोमेदूसा तर एक नाव सोडूनच बोलायची. त्या नावाच्या आजूबाजूने तिचं बोलणं असं जायचं, जसं रस्त्यातल्या विहिरीला वळसा घालून माणसं जातात. एका दुपारी इफिक्लीसने आपली दोन धाकटी पोरं, मेनिप्पोस आणि आंथेस, भावाकडे चुलतभावंडांशी खेळायला पाठवली होती. त्याच दुपारी अल्कैओसला वेड लागलं. हेरा देवीने लावलं असं सगळे म्हणतात, आणि असेलही. त्याने अंगणातल्या होमाच्या आगीत आपली पोरं टाकली, आणि भावाची दोन्ही टाकली. वेड उतरलं तेव्हा तो तिथेच जमिनीवर निजलेला सापडला, लहान मूल दमून निजतं तसा. इफिक्लीसला त्या दुपारचं फार थोडं आठवत होतं. कुणीतरी पाणी ओतत होतं. भावाचे तळवे भाजले होते आणि ते कुणी बांधले ते मात्र पक्कं आठवत होतं. आईने बांधले. तिनेच आधी नातवंडांची तोंडं झाकली, आणि मग तिनेच फडकं फाडून त्या राक्षसाएवढ्या हातांना पट्ट्या बांधल्या, आणि ऑटोमेदूसा ते बघत भिंतीला टेकून उभी होती. नंतर अल्कैओस गाव सोडून गेला. अर्गोसच्या राजाची अवघड कामं तो चाकरासारखा करत फिरतो, अशा बातम्या येत. सिंह मारला, डुक्कर पकडलं. बाजारात लोक त्या बातम्या इफिक्लीसला अशा आनंदाने सांगत, जणू त्यानेही टाळ्या पिटाव्यात. आणि त्याचा थोरला मुलगा, उरलेला, इओलाओस, तो काकाचा रथ हाकायला निघून गेला. जाताना आईच्या पाया पडून तो एवढंच म्हणाला होता, "कुणीतरी त्याच्याजवळ असायला हवं." ऑटोमेदूसाने त्याला वाटेसाठी चीज आणि अंजीर बांधून दिले, आणि किती दिले ते बघून इफिक्लीसला कळलं की ते दोघांना पुरतील एवढे होते. 

चौथ्यापाचव्या दिवशी सकाळी आई चुलीपाशी त्याच्या शेजारी येऊन बसली. जवाची रोटी मोडून तिने अर्धी त्याला दिली.

"तुला कळलंय," ती म्हणाली.

"काय?"

"इफी, तुला खोटं बोलता येत नाही. तुझे कान लाल होतात. मिर्तिसनं सांगितलं ना? तिला मी सांगितलं होतं तोंड बंद ठेव म्हणून. म्हणजे ती सांगणार हे ठरलेलंच."

"म्हणजे तू मुद्दाम..."

"मला धीर होत नव्हता," अल्कमेने म्हणाली. तिला धीर होत नाही हे त्याने आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. "आता ऐक. विधवेला पुन्हा लग्न करायचं तर घरच्या पुरुषाला तिचा हात द्यावा लागतो. तो तू द्यायचा."

"थोरला अल्कैओस आहे."

नाव तोंडातून निघून गेलं. पलीकडे सूत कातत बसलेल्या ऑटोमेदूसाचे हात क्षणभर थांबले आणि पुन्हा चालू लागले.

"मी तुला विचारतेय," आई म्हणाली.

इफिक्लीसने रोटी खाली ठेवली. "कोण हा माणूस? कुठे भेटला तुला?"

तेव्हा ती हसली. हसताना तिने तोंडावर हात घेतला, मुलीसारखा, आणि त्याला कसंतरीच झालं. दर वर्षी ती तळ्याकाठी, अँफिट्रिऑन पडला त्या जागी, दूध ओतायला जायची. गेल्या वर्षी चिखलात पाय रुतला. पाय निघाला, वहाण निघेना. ती एका पायावर बगळ्यासारखी उभी असताना मागून कुणीतरी अगदी गंभीर आवाजात म्हणालं, "बाई, तळ्याने तुमची वहाण खाल्ली आहे. फिर्याद करायची असेल तर मी ऐकून घेतो. पण आरोपीची बाजूही ऐकावी लागेल." आणि त्या म्हाताऱ्याने बाह्या सरसावून कोपरापर्यंत चिखलात हात घातला.

"मी तिथे तुझ्या बापासाठी गेले होते रे," ती म्हणाली. "दुधाचं भांडं हातात होतं. आणि मला हसू आलं. त्या दुपारनंतर पहिल्यांदा."

इफिक्लीस म्हणाला, "मी त्याला बघून येतो."

"ये की. नवऱ्यामुलाला बघायला जायची रीतच आहे," आई म्हणाली. मग उठता उठता त्याच्या केसांत बोटं घालून तिने ते विस्कटले.

ओकालेआला पोचायला खेचराच्या गाडीने बराच वेळ लागतो. रस्ता तळ्याच्या कडेकडेने जातो. बासऱ्या करतात ती वेताची बेटं, त्यांतून वारा सळसळत होता, आणि पाण्याला तो कुजका, गोडसर वास होता, लहानपणी तो आणि अल्कैओस इथे बदकांची अंडी शोधायला यायचे तेव्हाचा. तेव्हा अल्कैओस नेहमी पुढे. पाणी कमरेला लागलं की तो थांबायचा आणि न बोलता पाठ वाकवायचा, आणि इफिक्लीस त्याच्या पाठीवर चढायचा. त्या पाठीवरून तळं वेगळंच दिसायचं, मोठं, निर्धास्त. इतकी साधी गोष्ट त्याला कितीतरी वर्षांत आठवली नव्हती. आठवली आणि त्याला राग आला, आठवणीचाच. मनाने कुठल्या गोष्टी जपाव्यात आणि कुठल्या फेकून द्याव्यात याला काही धरबंद नाही. ज्या हातांनी पोरं आगीत टाकली त्या हातांची मांडीखालची घट्ट पकड आपल्याला अजून आवडते, हे कुणाला सांगायचं? ऑटोमेदूसाला? तिला तर ते कधीच कळता कामा नये. आपण तिचे आहोत. मेलेल्या पोरांचे आहोत. आणि तरी गाडी हलत होती आणि त्या हलण्यात त्याला त्या पाठीचं हलणं सारखं जाणवत होतं.

रादामान्थिस खरोखरच चिनाराखाली बसला होता. बारीक, काळा, पांढऱ्या दाढीचा, राजाच्या घरात वाढलेल्या माणसासारखा ताठ. समोर दोन शेतकरी एका बोकडावरून भांडत होते. त्याने दोघांना पुरतं बोलू दिलं, मग बोकडाला सोडून द्यायला सांगितलं आणि तो कुणाच्या घरी जातो ते बघायला सगळ्यांना पाठवून दिलं. मग तो इफिक्लीसकडे वळला.

"बोकड तिसऱ्याच्याच घरी जाणार आहे," तो म्हणाला. "पण तोवर आपल्याला निवांत बोलता येईल. बस. तू इफिक्लीस. तिच्यासारखी भुवई आहे तुझी."

त्याने घरी नेलं. घर लहान, पांढरं, तळ्याकडे तोंड केलेलं. पण दारात सगळा पसारा होता. चौकट काढून टाकली होती, दोन माणसं भिंतीचे दगड काढत होती आणि अंगणात नवी, भलीमोठी तुळई पडली होती. इफिक्लीसला वाटलं, आईचा माग आत न्यायचा असेल.

"माग तर खिडकीतूनही गेला असता," म्हातारा म्हणाला. "तुझी आई पहिल्यांदा इथे आली तेव्हा तिने घर बघितलं नाही, विहीर बघितली नाही. दाराला हात लावून बघितला. म्हणाली, माझा एक मुलगा असल्या दारातून आत येत नाही, त्याचे खांदे अडकतात. तर मी म्हटलं, मग दार मोठं करू."

म्हाताऱ्याने दिलेला मद्याचा पेला इफिक्लीसच्या हातात तसाच राहिला. दगड काढणारा माणूस ओरडला, दुसऱ्याने काहीतरी उत्तर दिलं. तेव्हा कुठे त्याला कळलं. आई त्याचं घर सोडत होती, कारण त्या घरात राहून तिला दुसऱ्या मुलाला जेवायला बोलावता येत नव्हतं. इतकी वर्षं तिने त्याच्या आणि ऑटोमेदूसाच्या चुलीपाशी बसून एकदाही ते नाव घेतलं नव्हतं. आपल्याला वाटायचं की ती विसरली. निदान विसरायचं ठरवलंय तिने. ती थांबली होती फक्त.

"तुम्हाला माहीत आहे त्याने काय केलं?" तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच अनोळखी वाटला.

"तिने सगळं सांगितलं. न लपवता."

"तुम्ही न्याय करता. तुमच्या न्यायात ते कुठे बसतं?"

रादामान्थिसने बराच वेळ दाढीतून बोटं फिरवली. "मला ते येत नाही," तो म्हणाला. "बोकडाचं येतं. जाळ्यांचं येतं. माझा भाऊ मिनोस क्रीटचा राजा आहे. आमचं भांडण झालं आणि मी होडीत बसलो. बरोबर मीच होतो. आजही मीच बरोबर आहे. पण इथे कुणी चांगली वाम रांधली की पहिला विचार येतो, मिनोसला आवडली असती. तुझं माझ्याहून फार मोठं आहे, मुला. मी तुला काही सांगणार नाही. फक्त दार लपवायला नको म्हणून दाखवलं."

इफिक्लीस मद्य न पिताच उठला. पण जाताना, का कोण जाणे, त्या दोघा गवंड्यांपाशी थांबला आणि म्हणाला, "तुळई अशी टाकाल तर पावसाळ्यात खाली बसेल. टोकाखाली रुंद दगड द्या." आणि ते द्यायला त्याने हातही लावला.

घरी आल्यावर तो सरळ मागापाशी गेला. "त्याच्यासाठी चाललीयस तू," तो म्हणाला.

अल्कमेनेने धोटा मांडीवर ठेवला. तिने नाकारलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. "त्याच्यासाठीही," ती म्हणाली. "पण मला उगाच थोर करून ठेवू नकोस. तो म्हातारा मला आवडतो. सकाळी उठून कुणाशी तरी दोन शब्द थट्टेचे बोलावेत असं मला वाटतं. या घरात, इफी, आपण तिघं एकमेकांना जपता जपता मुके झालोय."

"मी तुला पुरलो नाही." हे वाक्य त्याला म्हणायचं नव्हतं. ते बाहेर आलं तेव्हा पाच वर्षांच्या पोराचं वाटलं.

ती उठली. उंच होती, तरी त्याच्यासमोर उभी राहिल्यावर तिला मान वर करावी लागली, आणि दोघांनाही ते नवीन वाटलं. "ऐक," ती म्हणाली. "लोक दोन बाप सांगतात. देव आला म्हणे. मला कुणी देव दिसला नाही. मला माझा नवरा दिसला, लढाईवरून आलेला, धुळीने माखलेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच दिसला. माझ्यासाठी तुम्ही एकाच माणसाची दोन मुलं. लोकांनी तुम्हाला मोठा नि धाकटा केलं. त्याच्यावर सगळ्या जगाची नजर पडली, आणि ती नजर पडली की काय होतं ते आपण बघितलं. तू घरी होतास. तू होतास म्हणून मी उभी राहिले. तुझ्या घरातून मला तुझ्या हाताने जायचंय, त्याच्या नाही. पुरला नसतास तर तुझ्याच हातून जायचं म्हटलं असतं का?"

बाहेर अंगणात ऑटोमेदूसा विहिरीवर पाणी काढत होती. दोर घासत असल्याचा आवाज मध्येच थांबला होता. तिने सगळं ऐकलं होतं. नंतर ती आत आली, घडा ठेवला, ओले हात झटकले आणि सासूला म्हणाली, "आई, त्या काठाला आणखी एक पट्टी घ्या. उंच आहात तुम्ही. तोकडं दिसेल."

द्राक्षं उतरली आणि लग्न झालं. दुसरेपणाचं लग्न, त्यात मशाली नाहीत की मिरवणूक नाही, एक बासरीवाला तेवढा होता, आणि तोही मिर्तिसचा भाचा. भर दुपारी तळं चकाकत होतं. मिर्तिसने वाम शिजवल्या आणि प्रत्येकाला सांगितलं की हे लग्न तिच्यामुळे जमलं. चिनाराखाली इफिक्लीसने आईचा हात हातात घेतला. किती वर्षांनी घेतला होता तो. विणून विणून बोटांची टोकं खरखरीत झालेली, अंगठ्याच्या मुळाशी गाठ आलेली. तो हात दुसऱ्याच्या हातात देताना काय म्हणायचं ते त्याने वाटेत पाठ केलं होतं, पण नेमक्या वेळी ते सगळं गेलं आणि तो म्हणाला, "ही माझी आई. हिला सकाळी लवकर थंडी वाजते." लोक हसले. रादामान्थिस मात्र हसला नाही. त्याने मान हलवली, अटी ऐकून मान्य केल्यासारखी. आणि अल्कमेनेने हात सोडवण्याआधी मुलाच्या तळव्यावर अंगठा घट्ट दाबला.

जेवणं चालू असताना वेताच्या बेटाआडून इओलाओस आला. उन्हाने रापलेला, खांदे रुंद झालेला. ऑटोमेदूसाने त्याला बघितलं मात्र, आणि ती उठून त्याच्या अंगावरची धूळच झटकत राहिली, खांद्यावरची, दंडावरची, जिथे नव्हती तिथलीही. मग त्याने बापाला बाजूला घेतलं.

"बाबा, तो पलीकडे थांबलाय. आजीने निरोप धाडला होता. पण येत नाही म्हणतो. तुम्ही आणि आई आहात म्हणून. मला म्हणाला, आजी कशी दिसते तेवढं बघून ये आणि मला सांग."

इफिक्लीस वेतांच्या दिशेने निघाला. का निघाला ते त्याला माहीत नव्हतं. मारायला, हाक मारायला, नुसतं बघायला. वेत बाजूला केले तेव्हा काठावर भाऊ पाठमोरा बसलेला दिसला, पाय पाण्यात सोडून. तीच पाठ. मानेवरचे केस पिकले होते. अल्कैओस पिकू शकतो हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. त्या प्रचंड पाठीत कसली तरी भीती बसली होती, मागून पावलं वाजतील याची, किंवा वाजणार नाहीत याची. एका उडीएवढं अंतर होतं. इफिक्लीसच्या डोळ्यांसमोर आंथेसचं तोंड आलं, त्या दिवशी सकाळी वहाणेचा बंद बांधून दे म्हणून पाय पुढे करणारा आंथेस. वेड होतं. देवीने लावलं होतं. सगळं खरं, आणि तरी त्याचं पाऊल उचललं नाही. वेत हलला. अल्कैओसची मान थोडी वळली, पण त्याने मागे पाहिलं नाही, आणि इफिक्लीसला कळलं की मागे कोण उभं आहे ते त्याला कळलं आहे. दोघेही तसेच राहिले. मग इफिक्लीस परत फिरला.

"त्याला सांग," तो इओलाओसला म्हणाला, "आम्ही आत्ता निघतोय. उन्हं आहेत तोवर घरी पोचायचंय. आम्ही गेलो की ये म्हणावं. आई जेवायची थांबलीये."

इओलाओस बापाकडे बघत राहिला. "तुम्ही बोलणार नाही त्याच्याशी?"

"आज नाही," इफिक्लीस म्हणाला. आणि आपण 'कधीच नाही' असं म्हटलं नाही हे त्याला शब्द निघून गेल्यावर जाणवलं.

निरोप घेताना आईने काही विचारलं नाही. तिने दोघांना एकदमच कवेत घेतलं, त्याला आणि सुनेला, आणि तिच्या उंचीमुळे तिची हनुवटी ऑटोमेदूसाच्या डोक्यावर टेकली. मग गाडी रस्त्याला लागली. तळं डावीकडे मागे मागे जात होतं. ऑटोमेदूसा गाडीत मागे तोंड करून बसली होती, गुडघ्यांना मिठी मारून. मग तिने विचारलं, "अहो, गेला का तो आत?"

इफिक्लीसने लगाम आवळले. ती कुणाबद्दल विचारते आहे हे कळायला त्याला थोडा वेळ लागला, किंवा कळलं तरी खात्री वाटेना. त्याने वळून पाहिलं. घराच्या धुराचा एक पातळ पट्टा आणि वेतांची रांग, एवढंच दिसत होतं. "इथून दिसत नाही."

"जाईल," ती म्हणाली. आणि मग, गाडीच्या फळीवरचा एक खिळा बोटाने चाचपत, अगदी रोजच्या आवाजात, जसं चुलीवर काय ठेवलंय ते सांगावं तसं, म्हणाली, "आईंनी त्याचा वाटा उघडाच काढून ठेवला होता. मी झाकून आलेय. माश्या बसत होत्या."